पत्ता : मिल गेटजवळ

३० जून २०२३ ला दुपारी मी राजीनामा पाठवला. मेल चार ओळींचा होता. शेवटची ओळ अशी होती : नोटिसचे ९० दिवस मला जुन्या ४१ गिऱ्हाइकांचा डेटा काढून देण्यासाठी वापरू द्यावेत. १३ वर्षं एका कंपनीत काढल्यावर माणूस निघताना ग्रॅच्युइटीचं विचारतो, अनुभवाचं पत्र मागतो. मलाही ते हवं होतंच. पण त्या दुपारी डोक्यात नागपूरच्या गांधीबाग-इतवारीतली ती ४१ दुकानंच होती.

आमची कंपनी धंतोलीत, एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. काम एकच, ठोक कापड व्यापाऱ्यांचं सॉफ्टवेअर. बिलं, उधारी, वसुली, दलाली, गोदामात कोणत्या गाठी आल्या आणि कोणत्या गेल्या. मूळ प्रोग्राम आमच्या मालकांनी, सरांनी, स्वतः नव्वदच्या दशकात फॉक्सप्रो या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेला. २०१० मध्ये मी लागले तेव्हा जावा शिकून आले होते. ती निळी स्क्रीन पाहून मला वाटलं, हे फार तर दोन वर्षं चालेल. सर म्हणाले, "बेटा, आधी आठ दिवस दुकानात बसून ये. मग सांग काय बदलायचं ते."

मी इतवारीत एका गादीवर मुनीमजींच्या शेजारी आठ दिवस बसले. दिवाळीच्या तोंडावरचे दिवस. मुनीमजी गिऱ्हाइकाशी बोलता बोलता बिल करायचे, कीबोर्डकडे पाहायचेही नाहीत. पार्टीच्या नावाची तीन अक्षरं, एंटर. थान किती, एंटर. मीटर, एंटर. भाव, एंटर. समोरच्याचा चहा संपायच्या आत कागद प्रिंटरमधून बाहेर. माउस होता, पण त्यावर कापडाचा नमुना टाकलेला असायचा. लाइट गेली, आली, मशीन पुन्हा सुरू केलं की अर्ध्या मिनिटात तीच निळी स्क्रीन हजर. त्या आठ दिवसांनंतर हत्यारांबद्दलचं माझं मत कायमचं बदललं. हत्यार नवं की जुनं हा प्रश्न नंतरचा. ते ज्याच्या हातात आहे त्याचा हात चालतो की अडतो, हे आधी पाहायचं.

पुण्याहून दोनदा बोलावणं आलं. एकदा पगार दुप्पट होता. मी गेले नाही. बाबांचं दुखणं होतं हे खरं, पण तेवढंच नाही. मला माझं काम आवडत होतं आणि सरांकडून शिकायला मिळत होतं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये गांधीबाग पूर्ण बंद होती, कोणाकडूनच वार्षिक देखभालीचे पैसे येत नव्हते. आम्ही आठ जण होतो. आठही जणांचा पगार उशिरा झाला, पण पूर्ण झाला. सरांनी त्यासाठी काय विकलं ते त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आम्हाला ते दुसऱ्याच कोणाकडून कळलं. ते मी विसरणार नाही.

२०२२ मध्ये सरांची तब्येत ढासळली आणि त्यांनी कंपनी एका मोठ्या कंपनीला विकली. नव्या मालकांनी वर्षभर सगळं पाहिलं आणि ठरवलं की ३० सप्टेंबर २०२३ पासून फॉक्सप्रोचं काम बंद. ज्या दुकानांना हवं त्यांनी दरमहा पैसे भरून नवं ऑनलाइन सॉफ्टवेअर घ्यावं.

इथपर्यंत मला मान्य होतं, हे मुद्दाम लिहिते. व्हिज्युअल फॉक्सप्रोची शेवटची आवृत्ती, नववी, २००४ ची. पुढची येणार नाही हे मायक्रोसॉफ्टने २००७ मध्येच सांगितलं होतं आणि जानेवारी २०१५ मध्ये उरलासुरला आधारही संपला. विंडोज बदललं की आमचं काहीतरी मोडायचं. नवा प्रिंटर आला की मी दोन दिवस त्याच्याच मागे. २०१७ च्या जुलैत जीएसटी लागू झाला तेव्हा त्या जुन्या कोडमध्ये तो बसवायला आम्ही तीन जणांनी दोन महिने रात्री जागवल्या. थांबायची वेळ आली आहे असं मी स्वतः कितीतरी वर्षं सांगत होते.

खटका उडाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. जे दुकानदार नवं सॉफ्टवेअर घेणार नाहीत त्यांना त्यांचा जुना हिशेब काढून द्यायचा का? मीटिंगमध्ये उत्तर मिळालं, "ते आपलं काम नाही." फायली त्यांच्याच मशीनवर आहेत, त्यांनी पाहावं. आता त्या फायली उघडायला आमचाच प्रोग्राम लागतो आणि आतली मराठी नावं आमच्याच फॉन्टमध्ये दिसतात, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. पंचवीस-पंचवीस वर्षांची खतावणी. कोणाकडून किती येणं आहे, कोणाशी कधी तुटलं, कोणी मुलीच्या लग्नाच्या वर्षी उधारी थकवली आणि पुढच्या वर्षी व्याजासकट आणून दिली, सगळं त्यात. ती दुकानदाराची वही आहे. आपण फक्त बांधून दिली.

मग मला सांगण्यात आलं, "तुम्ही जुन्या आहात, निष्ठावान आहात, तुमचं ते ऐकतात. तुम्हीच त्यांना समजवा." त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. निष्ठा हा शब्द माझ्यासमोर ज्या कामासाठी ठेवला होता ते काम मला करता येणार नव्हतं.

माझे आबाजी एम्प्रेस मिलमध्ये फिटर होते. १९५१ मध्ये बदली कामगार म्हणून लागले, मग कायम झाले, रिंग खात्यातूनच निवृत्त झाले. आमचं घर तेव्हा गणेशपेठेत, मिलच्या भोंग्यावर अख्ख्या मोहल्ल्याचं घड्याळ. आबाजी मिलबद्दल बोलायला लागले की इतिहासाचं पुस्तक आणि स्वतःचा अनुभव यांच्यातली रेघ पुसून जायची. १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली तेव्हा आपण तिथंच होतो अशा थाटात ते सांगत. जमशेटजी टाटांनी तळ्याकाठची दलदलीची जमीन घेतली आणि ती भरायला लागले, तेव्हा एका सावकाराने पैसे द्यायला नकार दिला. हा माणूस सोनं मातीत घालतोय म्हणाला. पुढे त्याच सावकाराने कबूल केलं की मातीत सोनं घातलं नाही, मातीचं सोनं केलं. ही गोष्ट नागपुरात अनेक घरांत सांगतात. आमच्या घरी ती ऐकून ऐकून पाठ होती.

पण आबाजींना त्यापेक्षा आवडायची ती साच्यांची, म्हणजे सूत काढायच्या यंत्रांची गोष्ट. सुरुवातीला मिलने पैसे वाचवायला कमी दर्जाची यंत्रं आणली. सूत बिघडलं, माल खपेना, ती काढून चांगली घ्यावी लागली. मग १८८० च्या दशकात रिंगचे साचे आले. तोवर सूत काढायचं ते म्यूलवर. म्यूल आधी धागा ओढून पिळतो, मग थांबून गुंडाळतो, पुन्हा ओढतो. रिंगवर पिळणं आणि गुंडाळणं एकाच वेळी, न थांबता. लँकेशायरचे लोक त्या काळी म्यूललाच धरून होते. नागपूरच्या मिलने मात्र आधी मोजके साचे आणून पारखले, इथल्या कापसावर, इथल्या हवेत, इथल्या हातांनी चालवून पाहिले आणि मग पुढचा निर्णय घेतला. आबाजी हे सांगताना डाव्या हाताच्या बोटांनी कडी करून दाखवत. ही रिंग. तिच्या कडेवर नखाएवढी पोलादी चिमटी पळते, तिला ट्रॅव्हलर म्हणायचं. धागा तिच्यातून जातो. ती झिजते, आणि झिजली की सूत तुटायला लागतं. चांगला फिटर सूत तुटायची वाट पाहत नाही. तो कानाने ओळखतो आणि पाळी संपायच्या आत बदलून टाकतो. "साचा मिलचा आहे पोरी, हात आपला आहे," असं ते म्हणत. स्वतःचा पाना ते खिशात घालून घरी आणायचे. तो पाना आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे, दांड्यावर अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झालेला.

मीटिंगनंतरच्या त्या रात्री मला ही सगळी गोष्ट वेगळी दिसायला लागली. आबाजी त्या मिलशी इतके बांधलेले का होते? मी नंतर वाचून काढलं. सुरुवातीच्या वर्षांत कामगार मोठ्या संख्येने गैरहजर राहायचे. शेतीचे दिवस आले की गावी. आणि मिल सुरू झाली त्याच १८७७ साली मजुरीवरून संपही झाला, भारतातल्या कामगार चळवळीच्या इतिहासात त्याची नोंद अगदी पहिल्या संपांमध्ये करतात. म्हणजे बांधिलकी पहिल्या दिवशी नव्हती. मग १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी सुरू झाला, १८९५ मध्ये अपघाताची भरपाई, चांगल्या हजेरीला आणि कामाला बक्षिसं. कायद्याने तसं करायला भाग पाडायच्या कितीतरी आधी. आधी मिलने दिलं, मग माणसं टिकली. आबाजी लागले तोवर त्या गोष्टींना साठेक वर्षं झाली होती आणि त्यांना ती बांधिलकी जन्मजात वाटायची. सरांनी लॉकडाउनमध्ये आम्हाला पगार दिला तेव्हा त्यांनी तेच केलं होतं. माझी निष्ठा सरांशी होती, त्या दुकानांशी होती, आणि जे मी लिहिलं त्याच्याशी होती. पाटी बदलल्यावर ती आपोआप नव्या पाटीच्या नावे होत नाही. ती तशी होईल असं त्यांनी धरलं होतं, माझ्या मते चूक तिथे झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी राजीनामा पाठवला. माझी अट त्यांनी मान्य केली, हेही सांगायला हवं. कदाचित वाद नको म्हणून केली असेल. मदतीला एक नवा मुलगा दिला, कॉलेजातून निघून आठ महिने झालेला, मूळचा उमरेडचा. मला "ताई" म्हणायचा. सगळ्यात आधी मी त्याला इतवारीत गादीवर बसायला पाठवलं.

मग काम सुरू झालं, आणि आम्ही दोघं अडकलो ते नावांत.

जुन्या फायलींमधली मराठी म्हणजे खरी मराठी नव्हेच. कृतिदेव फॉन्टच्या काळात टाइप केलेलं अक्षर आत इंग्रजी अक्षर म्हणूनच साठवलं जातं, फक्त फॉन्ट त्याला देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट काढला की "गणेश" हे नाव एक्स, टिंब, के, एस आणि अवतरणचिन्ह अशा गाठोड्यासारखं दिसतं. त्यातही 'ण' हा एक तुकडा नाही. अर्धा ण वेगळा, त्याची उभी रेघ वेगळी, आणि तीच रेघ काना म्हणूनही वापरतात. म्हणजे रेघ दिसली की ती ण पुरा करतेय की णा करतेय हे मागचं पाहून ठरवायचं. पहिली वेलांटी तिथे अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, ती अक्षरानंतर यावी लागते. रफार तिथे सगळ्यात शेवटी, युनिकोडमध्ये अक्षराच्या आधी.

मुलाने एआयकडून पायथनमध्ये एक रूपांतर करणारा प्रोग्राम लिहून घेतला. दहा मिनिटांत तयार, आणि पाहायला सुबक. त्याने एक यादी चालवून दाखवली, १,८०० नावं, कुठंही चूक आल्याचा संदेश नाही. मी यादी वर-खाली केली आणि तेराव्या ओळीवर थांबले. तिथे लिहिलं होतं "वधार्".

"हे काय आहे?" मी विचारलं.

तो पाहत राहिला. "ताई, कोणाचं आडनाव असंल."

"पत्त्याच्या रकान्यात आहे."

तो आणखी थोडा वेळ पाहत राहिला आणि मग त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "वर्धा!"

रफार मागे उडी मारून ध च्या आधी जायला हवा होता. तो काना ओलांडून गेलाच नाही, शेवटी लटकून राहिला. मशीनला त्यात काहीच चूक दिसली नाही, कारण व, ध, काना, र आणि हलन्त ही सगळी खरी चिन्हं आहेत. चूक दिसते ती वर्धेला जाऊन आलेल्या माणसाला. पुढचे तीन आठवडे आम्ही नियम लिहीत होतो. हिंगणा, हिंगणघाट, आर्वी, कार्ल्याचे दुकानदार. 'वऱ्हाडे' हे आडनाव तर वेगवेगळ्या दुकानांत चार तऱ्हांनी लिहिलेलं सापडलं, कारण तो ऱ्ह कसा काढायचा हे प्रत्येक मुनीमजीने आपापल्या परीने शोधलं होतं. एआयने खूप हात वाचवला, मी ते नाकारत नाही. सांगाडा, फायली वाचायचा भाग, तपासणीच्या चाचण्या, सगळं त्यानं झटपट दिलं. मी ते पुढेही वापरणार आहे. पण प्रत्येक दुकानाच्या यादीतली नावं शेवटी आम्ही मोठ्यानं वाचून काढली, एक जण वाचणार आणि एक जण ऐकणार. कानाला जे खटकेल ते बाजूला.

दुसरं एक सापडलं ते फॉक्सप्रोच्या स्वभावातलं. त्यात नोंद खोडली की ती जात नाही. तिच्यावर फक्त खोडल्याची खूण पडते आणि ती दिसेनाशी होते. फाइल 'पॅक' केली तरच ती खरी पुसते. आमच्या बऱ्याच दुकानांत पॅक वर्षानुवर्षं केलेलंच नव्हतं. म्हणजे नजरेआड झालेल्या सगळ्या पार्ट्या आत तशाच पडून होत्या. मुलाने विचारलं, या गाळायच्या ना? मी दोन दिवस विचार केला आणि म्हटलं, नाही, वेगळ्या रकान्यात खूण करून द्यायच्या. दुकानदाराला पुसायचं असेल तर तो पुसेल.

त्या खोडलेल्या नोंदींमधून जुनं नागपूर वर यायला लागलं. नव्वदच्या दशकात भरलेले पत्ते. "जुम्मा दरवाजाच्या आत", म्हणजे आजचं गांधी गेट. "जुम्मा टँकच्या पाळीवर", कुठे "शुक्रवारी तलाव", कुठे "गांधीसागर". तळं एकच, नावं तीन. भोसल्यांच्या आधी, गोंड राजा चांद सुलतानाच्या काळापासूनचं हे तळं आणि तो दरवाजा. इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी, आठवड्याच्या बाजारांवरून पडलेली वस्त्यांची नावं. कोणी सीताबर्डी लिहिलंय, कोणी नुसतं बर्डी. संगणकाच्या दृष्टीने या सगळ्या वेगवेगळ्या जागा, आणि पार्टी एकच असली तरी पत्ता वेगळा म्हणून ती दोनदा मोजली जाते. नेहमीचा शहाणपणा सांगतो की एक नाव ठरवा, बाकीची बदलून टाका. मी तसं केलं नाही. आम्ही एक छोटं टेबल केलं, जागा एक आणि तिची सगळी नावं समोर. शोधताना कोणतंही टाका, तीच जागा निघेल. छापताना मात्र दुकानदाराने जे लिहिलं होतं तेच छापायचं. ज्यानं जुम्मा टँक लिहिलं त्याच्या खतावणीत जुम्मा टँकच राहील.

एका पत्त्यापाशी मात्र आम्ही अडलो. "मिल गेटजवळ." अकरा पार्ट्या, एवढाच पत्ता. कोणती मिल? नागपुरात मॉडेल मिलही होती. मी ज्यांच्याशेजारी २०१० मध्ये बसले होते त्याच मुनीमजींना फोन केला.

"ताई, काऊन विचारून राहिल्या तुम्ही हे? मिल म्हणजे एम्प्रेस. मॉडेलला आम्ही मॉडेलच म्हणतो."

टेबलात ओळ वाढली.

डेटा कशात द्यायचा यावर मी फार वेळ घालवला नाही. प्रत्येक दुकानाला तीन गोष्टी. एसक्यूलाइटची एक फाइल, एक्सेलमध्ये उघडेल अशी एक, आणि पूर्ण खतावणीची पीडीएफ. एसक्यूलाइट निवडलं कारण अख्खा डेटाबेस एका फाइलीत मावतो, सर्व्हर लागत नाही, आणि ते २०५० पर्यंत सांभाळायचं असं त्याच्या निर्मात्यांनी उघड सांगितलं आहे. आज ज्याचा गाजावाजा आहे त्यातलं निम्मं पाच वर्षांनी कोणी उघडूही शकणार नाही अशी मला खरंच भीती वाटते, आणि दुकानाची वही अशा हत्याराच्या हवाली करायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. शिवाय खतावणी पाहायला एक छोटी खिडकी बनवून दिली. ती घेऊन मी ऑगस्टमध्ये मुनीमजींकडे गेले. ते आता सत्तरीकडे झुकलेत. त्यांनी चष्मा लावला, पार्टीची तीन अक्षरं टाकली, एंटर दाबलं, आणि काहीच झालं नाही. माझ्या खिडकीत यादीतलं नाव माउसने निवडावं लागत होतं.

"पहिले एंटर मारलं का पुढं जायचं," ते हळूच म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. बोट मात्र एंटरवर तसंच टेकलेलं होतं, पुढच्या पावलाची वाट पाहत.

मला फार लागलं ते. १३ वर्षांपूर्वी याच गादीवर जे शिकले तेच विसरून मी आले होते. मी तिथेच बसून लॅपटॉप उघडला. दीड तास गेला. तीन अक्षरं, एंटर, पहिली पार्टी. खालचा बाण, पुढची. एंटर, खाते. एस्केप, मागे. मुनीमजींनी चार पार्ट्या पाहिल्या, पाचवी पाहताना ते दुसऱ्याच कोणाशी भावाबद्दल बोलत होते आणि हात आपला चालत होता. मग मी निघाले.

१५ सप्टेंबरला मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-गांधीबागेत दुसरं काही काम होत नाही. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, आणि "इडा, पिडा घेऊन जा गे मारबत" या आरोळीत दुकानांची शटरं अर्धी खाली असतात. आम्ही त्या दिवशी उरलेल्या नऊ दुकानांच्या फायली आणल्या होत्या, कारण मालक निवांत होते. हे नशिबाने झालं.

२३ सप्टेंबरच्या पहाटे नागपुरात तो पाऊस झाला. काही तासांत शंभर मिलीमीटरहून जास्त. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, मोरभवनात बसगाड्या पाण्यात उभ्या होत्या. सकाळी सातला एका व्यापाऱ्याचा फोन. त्यांचं घर अंबाझरीच्या खालच्या बाजूला, आणि हिशेबाचं मशीन वर्षभरापासून घरीच, तळमजल्यावर. पाणी पलंगाच्या वर गेलं होतं. ते स्वतः, बायको, आई, वरच्या शेजाऱ्यांकडे सुखरूप होते. मशीनबद्दल त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं, आवाज खाली घेऊन, जणू अशा वेळी ते विचारणं चांगलं दिसत नाही. मी सांगितलं, काका, तुमची २६ वर्षांची पूर्ण खतावणी माझ्याकडे आहे, आठ दिवसांपूर्वीची. वरच्या आठ दिवसांची बिलं कागदावरून भरू. ते काही बोलले नाहीत. मग फोन त्यांच्या आईने घेतला आणि मला म्हणाल्या, "जेवायला ये." घर चिखलाने भरलेलं असताना.

मीटिंगमध्ये ज्याला "आपलं काम नाही" म्हटलं होतं ते हे होतं. मी हे त्या लोकांना कळवलंही, साध्या शब्दांत, दोन ओळींत. उत्तर आलं नाही.

२७ सप्टेंबरला ४१ वं दुकान झालं. त्या मुलासाठी मी जे मागे ठेवलं ते सगळं मराठीत लिहिलं, कोडमधल्या टिपांसकट. इंग्रजीत लिहायची सवय होती, पण गाठ म्हणजे किती थान, दलाली कधी कापायची, "वळती" नोंद म्हणजे काय, हे मराठीतच नीट सांगता येत होतं. सगळं गिटमध्ये, कोडचा प्रत्येक बदल नोंदवून ठेवणाऱ्या हत्यारात टाकलं, म्हणजे कोणता नियम कोणत्या नावामुळे आला हे त्याला मागे जाऊन पाहता येईल. "वर्धा दुरुस्त", "वऱ्हाडे, चौथी तऱ्हा", असे आमचे ते संदेश. शेवटच्या दिवशी मी सरांच्या घरी गेले. त्यांना आता बोलायला त्रास होतो. मी सांगितलं, सर, एक्केचाळीसही झाली. त्यांनी दोन बोटं वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला कळलं. "हो सर, दोन ठिकाणी कॉपी ठेवली आहे."

ऑक्टोबरपासून मी मिहानमध्ये, नागपूरच्या नव्या उद्योगक्षेत्रात कामाला लागले. माणसं चांगली आहेत, हत्यारं नवी आहेत, मी मन लावून करते आहे. नोव्हेंबरात एका शनिवारी त्या मुलाचा फोन आला.

"ताई, ते मिल गेट. टेबलात आहे, पण नकाशावर टिंब कुठं ठेवू? मला तं तिथं मॉलच दिसून राहिला."

मी म्हटलं, ये, गांधीसागरपाशी भेट. तो गाडी घेऊन आला. मिल २००२ मध्ये बंद झाली, तेव्हा हा मुलगा दोन वर्षांचाही नसेल. आम्ही तळ्याच्या कठड्यापासून चालत गेलो आणि आबाजी जिथून मला खांद्यावर घेऊन वळायचे ती जागा मी त्याला दाखवली. भोंगा झाला की इथून माणसं बाहेर पडायची, डोक्यावर, भुवयांवर कापसाचा भुसा. आणि त्या माणसांना उधारीवर धोतर-लुगडी विकणारी अकरा दुकानं इथे, या रांगेत. त्याने फोन काढला, टिंब ठेवलं, मग थोडा वेळ बोट स्क्रीनवर तसंच ठेवून उभा राहिला.

"गेट नेमकं कोणत्या बाजूनं होतं ताई? या की त्या?"

मी त्याला दोन पावलं डावीकडे सरकायला सांगितलं.